एक खोली आणि आठवड्याचे दोन तास : मुंबईतल्या विद्यापीठांना खुलं पत्र

मा. कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि सगळे गाईड सर-मॅडम,

सादर नमस्कार.

आधी मागणी सांगते आणि मग कारणं, कारण तुमच्या टेबलावर रोज इतके कागद येतात की कोणी शेवटपर्यंत वाचेल याचा भरवसा नसतो. मुंबईतल्या प्रत्येक विद्यापीठाने पीएचडी करणाऱ्या मुलामुलींसाठी, प्रत्येक विभागात नाही जमलं तर निदान प्रत्येक इमारतीत, एक खोली द्यावी, जी रात्री नऊपर्यंत आणि शनिवार-रविवारीही उघडी असेल. आणि त्या खोलीत आठवड्यातून एकदा दोन तास असे ठरवून ठेवावेत की कोणीतरी एकजण आपलं चालू असलेलं काम, अर्धवट, कच्चं, जसं असेल तसं सगळ्यांसमोर मांडेल आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतील. बस एवढंच. नवीन इमारत नको, फीत कापणं नको, कोणाच्या नावाचा फलक नको.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते, राहायला डोंबिवलीला, आणि एका डिग्री कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. माझं विद्यापीठ कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की पत्र त्या एका जागेबद्दलचं होतं आणि बाकीचे सगळे सुटतात. मी ज्यांच्याशी ज्यांच्याशी बोलले, वेगवेगळ्या विद्यापीठांतले, रिसर्च सेंटर असलेल्या कॉलेजांतले, त्यांच्याकडे थोड्याफार फरकाने हेच चाललंय. सायन्सवाल्यांना निदान लॅबमध्ये एक बेंच तरी मिळतो, कोणाशी तरी रोज बोलणं होतं. आम्हा आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना तेवढंही नाही. आमचं रिसर्च म्हणजे घरचा डायनिंग टेबल, तोही रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर, नाहीतर लेडीज डब्यात मोबाईलवर उघडलेली पीडीएफ.

विद्यापीठात आम्ही जातो ते गाईडना भेटायला किंवा ऑफिसात कागद द्यायला. तीनला भेटू असा मेसेज आलेला असतो, आपण लेक्चर्स संपवून, डबा ट्रेनमध्येच खाऊन पोचतो, तर मॅडम परीक्षेच्या मीटिंगमध्ये. त्यांची काही चूक नसते, मीटिंग ऐनवेळी लागते. मग विभागाबाहेरच्या बाकावर बसायचं. तीन माणसांचा लोखंडी बाक, वर ट्यूबलाइट, आणि चार्जिंगला एकच पॉइंट, तोही पाण्याच्या कुलरचा. तिथे पाच-साडेपाच वाजतात, मग मॅडम येतात, दमलेल्या असतात, पंधरा मिनिटं बोलणं होतं आणि आपण ठाणा-कल्याणच्या गर्दीत परत.

त्या बाकावर माझ्या शेजारी कितीतरी वेळा एक मुलगी बसलेली असायची, दुसऱ्या विभागातली, तिच्या सरांची वाट बघत. आम्ही हसायचो, सरकून जागा द्यायचो, कधी पाण्याची बाटली. ती कशावर काम करते हे मला कळायला वर्ष गेलं, आणि ते कळलं तिच्या मांडीवरच्या प्रश्नावलीवर नजर गेली म्हणून. घरकामगार बायका. माझाही विषय तोच! ती भांडुप-मुलुंडच्या वस्त्यांमध्ये फिरत होती, मी डोंबिवली-कल्याणला. २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्यावर दोघींनी आपापलं डोकं फोडून झालेलं, नोंदणीचे तेच फॉर्म तिनेही जमवलेले, मीही. आणि तिच्याकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे नव्हती. कुठल्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येतं आणि तिथली बाई कामाला किती वाजता निघते, हे तिने घरोघरी जाऊन वहीत टिपून ठेवलं होतं. माझ्या एका चॅप्टरमध्ये मी कधीची अडकले होते, की काही बायका जास्त पगाराचं सकाळचं काम सोडून कमी पगाराचं दुपारचं का धरतात, त्याचं उत्तर त्या वहीत होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर.

या गोष्टीत कोणी वाईट वागलेलं नाही. तिचे सर चांगले आहेत, माझ्या मॅडम चांगल्या आहेत, ऑफिसमधले लोकही जमेल तशी मदत करतात. पण एकाच मजल्यावर एकाच विषयावर काम करणाऱ्या दोन माणसांची गाठ पडेल अशी काही सोयच नाही, गाठ पडली तर ती नशिबाने. आणि ज्यांची पडत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही.

मला वाटतं याचं मूळ फार जुनं आहे. १८५७ ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडनच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन डिग्री द्यायची. रानडे, भांडारकर त्या पहिल्या बॅचचे पदवीधर, १८६२ चे. विद्यापीठाने स्वतः विभाग काढून शिकवायला, संशोधन करायला सुरुवात केली ती जवळपास सहा दशकांनी. समाजशास्त्राचा विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिस तिथले पहिले प्रमुख. आज मुंबई विद्यापीठ मुंबई शहरापासून पार सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचं काम बघतं, पेपर, निकाल, रिव्हॅल्युएशन, संलग्नता, आणि या सगळ्याच्या ओझ्याखाली विद्यापीठ पुन्हा मनाने परीक्षा घेणारं ऑफिसच होऊन बसतं. बाकीची नवी विद्यापीठं, स्वायत्त कॉलेजं, तीसुद्धा तीच सवय उचलतात. संशोधनाकडे बघायची नजरही तीच राहते: रजिस्ट्रेशन झालं का, कोर्सवर्क झालं का, सहामाही रिपोर्ट आला का, प्लॅजरिझमचं सर्टिफिकेट जोडलं का. सगळं तपासलं जातं, पण सोबत कोणी नसतं.

आणि याच शहरात वेगळं घडलेलंही आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. गेडिसनंतर १९२४ ला गोविंद सदाशिव घुर्ये त्या विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे कितीतरी वर्षं होते. इरावतीबाई कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी, एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी, ए. आर. देसाईही त्यांचेच. तिघांचे विचार बघा, तीन टोकं. देसाई मार्क्सवादी, श्रीनिवास गावात जाऊन राहून बघणारे, इरावतीबाई नातेसंबंधांचा, जातींचा शोध घेत देशभर हिंडणाऱ्या. एका विभागातून इतकी वेगवेगळी माणसं तयार होतात ती काही सहामाही रिपोर्ट भरून नाही होत.

माटुंग्याचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग १९३३ ला सुरू झाला, लोक आजही त्याला यूडीसीटीच म्हणतात, २००८ पासून ते स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणजे आयसीटी. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर सरांची पीएचडी तिथलीच, एम. एम. शर्मा सरांकडे, १९६९ ची. तिथे इंडस्ट्रीचे लोक, जुने विद्यार्थी आणि चालू विद्यार्थी यांच्यात इतकी वर्षं येजा आहे की तिथल्या मुलाला पुढे काय हा प्रश्न एकट्याने सोडवावा लागत नाही. मान्य आहे की केमिकल इंजिनिअरिंग आणि मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांचा बाजार एक नाही. पण ही येजा बाजाराने झालेली नाही, लोक एकमेकांच्या खोलीत जात राहिले म्हणून झाली.

लांबून येणं हेही काही आजचं नाही. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होते तेव्हा पुण्याला राहायचे आणि डेक्कन क्वीनने येजा करायचे. फरक एवढाच की ट्रेनमधून उतरल्यावर जायला त्यांना जागा होती.

आता आमच्याबद्दल. सरकारी कागदाची वाट न बघता आम्ही काहीजणांनी आपला आपण एक गट सुरू केला. दादरला एकाच्या ओळखीतल्या कोचिंग क्लासची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते, तिथे जमतो. सगळे वेगवेगळ्या विद्यापीठांतले, वेगवेगळ्या विषयांचे. नियम एकच, की येताना पाच पानं आणायची, छापलेली, आणि ती सगळ्यांनी तिथेच बसून वाचायची. घरी वाचून येतो म्हणणारे वाचून येत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

तिथला एक प्रसंग सांगते, कारण याच्याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. आमच्यातला एकजण अर्थशास्त्राचा, ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबांच्या रोजगारावर त्याचं काम. त्याने एक टेबल आणलं होतं, २०११ च्या जनगणनेचे आकडे एका बाजूला आणि नंतरच्या वर्षांचे जिल्ह्याचे आकडे दुसऱ्या बाजूला, आणि खाली निष्कर्ष की ठाणे जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण एकदम खाली आलं, म्हणजे मोठं स्थलांतर झालंय. सुंदर लिहिलेला चॅप्टर, ग्राफ वगैरे काढलेले. गाईडने बघितलेला, कमिटीसमोर प्रेझेंटेशन होऊन गेलेलं. आमच्यात एक मुलगी जव्हारची आहे, तिचा विषय वनस्पतीशास्त्र, अर्थशास्त्राशी काही संबंध नाही. तिने टेबल बघितलं आणि म्हणाली, अरे पण आमचा तालुका आता ठाण्यात कुठे आहे? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी सगळे तिकडे गेले. माणसं कुठेच गेली नव्हती, जिल्ह्याची हद्द सरकली होती. अख्खा चॅप्टर त्याच्यावर उभा होता.

तो मुलगा दहा मिनिटं काही बोलला नाही. मग उठला, चहा सांगितला सगळ्यांना, आणि त्याच संध्याकाळी त्याने तालुक्यानुसार आकडे वेगळे करायला घेतले, जव्हारच्या मुलीने बाजूला बसून तालुके सांगितले. आता तो चॅप्टर आधीपेक्षा कितीतरी भक्कम झालाय. हेच व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी धरलं असतं तर? किंवा त्याहून वाईट, कोणीच धरलं नसतं आणि ते तसंच शोधगंगेवर, थिसिस ठेवायच्या वेबसाइटवर, गेलं असतं, आणि उद्या कोणीतरी त्याचा हवाला देऊन योजना आखली असती तर? थिसिस म्हणजे नुसती डिग्री नाही हो, त्यातले आकडे पुढे माणसांच्या आयुष्याला लागतात.

तुम्ही म्हणाल यासाठी कमिटी आहे, रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटी, नियमात आहे, दर सेमिस्टरला तिच्यासमोर उभं राहावं लागतं. आहे की. पण कमिटीसमोर माणूस चूक लपवायला जातो. तिथे सही हवी असते. जो अडला आहे तो तिथे मी अडलोय असं म्हणत नाही, तो स्लाइड वाढवतो. बरोबरीच्यांसमोर पाच पानं ठेवताना मात्र अडलेलंच ठेवावंसं वाटतं, कारण त्यांच्या हातात आपली सही नसते. दोन्ही हवं. एक आहे, दुसरं कुठेच नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हे फक्त थिसिस चांगला होण्यापुरतं नाही. पुढे पोटापाण्याचं काय, ही गोष्टसुद्धा अशा खोल्यांमध्येच कळते. आमच्यातल्या बहुतेकांना वाटायचं की पीएचडी म्हणजे असिस्टंट प्रोफेसर, दुसरा रस्ता नाही. आणि तो रस्ता कसा आहे तुम्हाला माहीत आहे, अनुदानित जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, माझ्यासारखे तासावर शिकवणारे, सुट्टी लागली की पगार बंद. त्यात जुलै २०२३ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीला पीएचडीची सक्ती काढली, नेट किंवा सेट परीक्षा पुरेशी. मी त्याच्या विरोधात नाही, पण मग सहा वर्षं घालवून पीएचडी करणाऱ्याला कोणीतरी समोर बसवून सांगायला नको का की बाबा, तुझ्यासाठी दारं कुठली आहेत? आमच्या शनिवारच्या खोलीत एका मुलीने सांगितलं की रिझर्व्ह बँकेत आर्थिक संशोधनाच्या विभागासाठी ग्रेड बी अधिकाऱ्यांची वेगळी भरती होते आणि पीएचडीवाल्यांना वयात सवलत असते. अर्थशास्त्राच्या दोघांना हे पहिल्यांदाच कळत होतं! रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय फोर्टात, आणि फोर्टातल्या लायब्ररीत बसून वाचणाऱ्या मुलांना ते माहीत नाही. जव्हारच्या मुलीला पेटंट एजंटची परीक्षा असते हे तिथेच कळलं, अँटॉप हिलला पेटंट ऑफिस आहे, सायन्सवाल्यांना ते काम करता येतं. पुराभिलेखागारं, संग्रहालयं, मार्केट रिसर्च, पाठ्यपुस्तकांचं संपादन, भाषांतर, एनजीओंमधलं मूल्यमापनाचं काम, सगळीकडे संशोधन येणारी माणसं लागतात. प्रत्येक विभागाने फक्त एवढं करावं की आपल्याकडून आतापर्यंत पीएचडी झालेली माणसं आज कुठे आहेत याची यादी ठेवावी आणि त्यातल्या एकाला महिन्यातून एकदा त्या खोलीत बोलवावं. भाषण नको. नोकरी कशी मिळाली, मुलाखतीत काय विचारलं, पगार किती आहे, काय चुकलं, एवढं सांगावं. सत्कार, शाल, श्रीफळ काही नको, चहा आम्ही आणतो.

जर्नलचं तसंच. पीएचडीच्या २०२२ च्या नव्या नियमांत थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट निघाली. तरी कितीतरी ठिकाणी तोंडी सांगितलं जातं की एक-दोन पेपर असू देत, आणि मग मुलं घाबरून पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलकडे जातात. यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी, केअर लिस्ट, तीही २०२५ मध्ये बंद झाली, आता कुठलं जर्नल बरं हे संस्थेने आणि संशोधकाने आपलं आपण ठरवायचं. एकट्या मुलाने हे कसं ठरवायचं? तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जाहिरातीवर विश्वास ठेवणार. चार माणसं बसलेली असतील तर त्यातला एक तरी म्हणतो, थांब, मी त्यांना पैसे देऊन पस्तावलोय. आणि दुसऱ्या बाजूला केवढी चांगली गोष्ट झाली आहे ती कोणाला माहीत नाही: वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना, १ जानेवारी २०२५ पासून सुरू, तीन वर्षांसाठी ६००० कोटींची तरतूद, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, आणि राज्यांची सरकारी विद्यापीठंसुद्धा त्यात आहेत. जे पेपर आधी डॉलर मोजून घ्यावे लागायचे ते आता फुकट वाचता येतात. पण लॉगिन कसं करायचं, घरून कसं वाचायचं, हे दाखवायला कोणी नाही, म्हणून मुलं अजून मित्राच्या मित्राकडून पीडीएफ मागवतात. लायब्ररीतल्या एका मॅडमनी अर्धा तास त्या खोलीत येऊन दाखवलं तर प्रश्न मिटला.

पैशाबद्दल एकच लिहिते, कारण त्यावर खूप जणांनी लिहिलंय. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) असलेल्यांना जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, पुढे एसआरएफला (सीनिअर) ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या मुलांना त्यांच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसावं लागलं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि माझ्यासारखे कितीतरी आहेत ज्यांना कुठलीच नाही, जे नोकरी करून करतात. फेलोशिप वेळेवर देणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही, कळतं मला. पण फेलोशिपचे कागद विद्यापीठाच्या ऑफिसात पडून राहणं, सहीसाठी महिना जाणं, ते तर आपल्या हातात आहे ना? ज्या मुलाचं घरभाडं त्या सहीवर अडलंय तो कुर्ल्याला दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत राहतो, त्याला फोन करून सांगा निदान, की कागद अमुक टेबलावर आहे.

रात्री नऊ का म्हणते तेही सांगते. आमच्यातले निम्मे लोक नोकरी करतात, सहाला सुटतात, सातला पोचतात. आता सातला गेलं तर कुलूप. मुंबईला हे नवीन नाही, या शहरात गिरणीत काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा चालल्या, १९४६ ला बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलांचा विचार पहिला केला. पार्टटाइम पीएचडीला परवानगी तर नियमातच आहे, ऑफिसची एनओसी आणली की झालं. मग त्या माणसाला बसायची परवानगी संध्याकाळी का नको?

बायकांचं वेगळं सांगायला हवं. नियमात चांगल्या गोष्टी आहेत, २४० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे, मुदतीत दोन वर्षं जास्तीची सवलत आहे. पण रजा संपवून परत येणारी बाई कुठे परत येते? त्या बाकावर? माझी एक मैत्रीण बाळाला आईकडे ठेवून वसईहून यायची, दूध साठलेलं, दुखायचं, आणि दार लावून बसायला एक जागा नव्हती, लेडीज टॉयलेटमध्ये उभी राहायची. तिने रजिस्ट्रेशन सोडलं. फाईलवर लिहिलंय वैयक्तिक कारण. ते वैयक्तिक नव्हतं, मी शेजारी होते म्हणून सांगते. त्या खोलीला आतून कडी आणि एक पडदा असला असता तर ती आज व्हायवाच्या तयारीत असती असं मला मनापासून वाटतं.

आता गाईड सर-मॅडम, तुमच्याशी थोडं. तुमच्यावर राग नाही. प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार, इतके विद्यार्थी नियमाने घेता येतात, आणि जागा रिकाम्या असल्यामुळे तुमच्यावर शिकवण्याचं, नॅकच्या मूल्यांकनाचं, परीक्षेचं, अ‍ॅडमिशनचं सगळं येऊन पडतं हे आम्ही बाकावरून रोज बघतो. ती दोन तासांची बैठक तुमचं काम वाढवायला नाही मागत, कमी करायला मागतोय. जे प्रश्न बरोबरीचे सोडवतील ते तुमच्यापर्यंत येणारच नाहीत, जे येतील ते खरोखर तुमचेच असतील. फक्त दोन विनंत्या. भेटीची वेळ बदलली तर तासभर आधी मेसेज करा, कर्जतहून निघालेला माणूस तेव्हा अजून ट्रेनमध्ये असतो. आणि ज्यांच्याकडे विद्यार्थ्यांना घरची, बँकेची, स्वतःच्या मुलांच्या शाळेची कामं सांगायची पद्धत आहे त्यांनी ती बंद करा. विद्यार्थी नाही म्हणू शकत नाहीत, त्यांची सहा वर्षं तुमच्या सहीत अडकलेली असतात. हे स्पष्टच लिहायला हवं होतं.

अडचणी काय सांगितल्या जातील तेही माहीत आहे. सिक्युरिटी, वीज, चावी कोणाकडे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. चावी वॉचमनकडे आणि वहीत सही, जशी लॅबला असते तशी. वर्गखोल्या पाचनंतर रिकाम्याच असतात, त्यातली एक चालेल, पंखा आणि चार प्लग पॉइंट हवेत, एक कपाट हवं म्हणजे रोज पाच किलोची पुस्तकं लोकलमधून न्यावी लागणार नाहीत. आणि कृपा करून त्या खोलीला फक्त एकाच विभागाची करू नका. अर्थशास्त्राची चूक वनस्पतीशास्त्राने पकडली ती सगळे एका खोलीत होते म्हणूनच.

नवीन नियमांत संशोधकांना आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधन सहाय्याचं काम देता येतं असं आहे. त्यातलेच दोन तास या बैठकीचं आयोजन करणाऱ्याला धरा, म्हणजे ते काम कोणाच्या चांगुलपणावर राहणार नाही. चांगुलपणावर चाललेल्या गोष्टी त्या माणसाचं सबमिशन झालं की बंद पडतात. आमचा शनिवारही उद्या बंद पडू शकतो, क्लासवाल्यांनी नवीन बॅच काढली तर आम्हाला खोली नाही.

पुढच्या विद्या परिषदेच्या बैठकीत हा विषय ठेवा. ज्या विद्यापीठाला सुरुवात करायची असेल त्यांना पहिल्या सेमिस्टरचं वेळापत्रक आम्ही करून देतो, कोणत्या आठवड्याला कोण मांडणार त्यासकट, मांडायला तयार असलेल्यांची नावं आमच्याकडे आत्ताच आहेत. पालघरचा चॅप्टर पहिल्या आठवड्यात ठेवू, तो मुलगा स्वतःहून तयार आहे. खोली कुठल्या इमारतीत ते तुम्ही सांगा, झाडून-पुसून आम्ही घेऊ.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
डोंबिवली